तीन मिनिटं हात मांडीवर

आमच्या बाईंच्या नेट कॅफेत कुणालाही शिवी द्यायची मुभा होती. आधी रजिस्टरमध्ये खरं नाव लिहायचं. मग जे काय जहर ओकायचं ते संगणकावर टाइप करायचं. आणि पाठवायचं बटण दाबण्याआधी टेबलावरची पितळी घंटी एकदा वाजवून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, तीन मिनिटं गप बसायचं. तीन मिनिटं झाली की काउंटरवरून आवाज यायचा, "पार्टी, वेळ झाली. पाठवा नाहीतर पुसा."

बहुतेक जण पुसत. एका पुढाऱ्याचा कार्यकर्ता विरोधकाची आयमाय काढायला छाती पुढे काढून आला होता. तो त्या तीन मिनिटांत खुर्चीतच झोपला. बाईंनी त्याला पंख्याखाली सरकवलं आणि रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे लिहिलं, "कॉल रद्द."

हे लातूरच्या क्लासवाल्या गल्लीतलं आहे. तेव्हा त्या गल्लीत दर दोन घरांमागे एक होस्टेल, दर तीन घरांमागे एक मेस, आणि उरलेल्या जागेत झेरॉक्सची दुकानं. सगळ्या मराठवाड्याची पोरं डॉक्टर व्हायला तिथे येऊन पडलेली. मीही तिथेच होतो, एका मोठ्या क्लासमध्ये जीवशास्त्राचा धाकटा मास्तर. वय पंचवीस, गाव मुखेडकडचं. बरा म्हणावा असा शर्ट एक आणि जिभेला धार मात्र सात शर्टांना पुरेल एवढी.

बाई मूळच्या उदगीरच्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पंचवीस वर्षं ऑपरेटर होत्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना एक्स्चेंजबाई म्हणायची. आजच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं, पण एके काळी परगावी फोन लावायचा तर आधी ऑपरेटरकडे ट्रंक कॉल बुक करावा लागे. मग तासभर, दोन तास वाट बघायची. लाईन मिळाली की ऑपरेटर म्हणणार, "पार्टी लाईनवर आहे, बोला." आणि तीन मिनिटं झाली की तीच बाई मध्ये तोंड घालून विचारणार, "तीन मिनिटं झाली, वाढवायचे?"

आपोआप लागणारे फोन आले आणि बाईंचं खातं मोडलं. त्यांनी नोकरी सोडली, आधी एसटीडी बूथ टाकला, मग त्याच हॉलमध्ये आठ संगणक. पण एक्स्चेंज काही त्यांच्या अंगातून गेलं नाही. लिलावात घेतलेल्या तिथल्याच उंच गोल स्टुलावर त्या ताठ बसायच्या. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, पेन्सिल अंबाड्यात. डाव्या कानाची पाळी उजव्यापेक्षा बोटभर लांब होती. हेडफोननं ओढून लांबली, असं त्या अभिमानानं सांगायच्या. समोर आलेला प्रत्येक जण त्यांच्यासाठी पार्टी, आणि प्रत्येक पार्टीला अहोजाहो. सातवीतल्या पोरालाही त्या म्हणायच्या, "पार्टी, तुमचं नाक पुसा." ऑपरेटरला पलीकडचा माणूस दिसत नाही, कोण कलेक्टर आणि कोण हमाल कळत नाही, म्हणून सगळ्यांना एकच माप. ड्यूटीवर असताना भाषा शुद्ध, सरकारी. चहाचा कप हातात आला की मात्र तीच बाई अस्सल उदगिरी व्हायची, आणि कुणी फार ताणलं की कानडीत एकच शब्द यायचा, "साकु." म्हणजे पुरे. साकु झालं की तुमचा संगणक बंद. तिथे अपील नव्हतं.

रजिस्टर तर बघण्यासारखं. इतर कॅफेवाले नाव आणि वेळ लिहून घेत. बाईंच्या रजिस्टरला नाव, गाव, कोणाशी बोलायचं आणि विषय असे रकाने. अकरावीतल्या एका पोरानं धीर करून विषयाच्या रकान्यात लिहिलं, "प्रेम." बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "साधा की अर्जंट?" पोरगं घाबरून साधा म्हणालं. बाईंनी त्याला सगळ्यात संथ संगणक दिला.

सुताराने आठ संगणकांमध्ये प्लायवुडचे आडोसे करून दिले होते. पहिल्याच आठवड्यात बाईंनी ते उपटून शेजारच्या मेसवालीला देऊन टाकले. तिने त्यांच्यावर पापड लाटले. मी विचारलं, बाई, पोरांना जरा खासगीपणा नको का? त्या म्हणाल्या, "आम्ही बारा बाया एका रांगेत बसायचो. बाराजणींच्या कानात बारा घरची भांडणं. आडोसा नव्हता. ऐकलेलं पोटात ठेवायचं, हा आडोसा." आणि ते त्या खरंच पाळत. गल्लीतल्या कुणाचं कुणाशी काय चाललंय हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं आणि त्यांच्या तोंडून एक अक्षर कधी फुटलं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढा जाच सहन करून पोरं तिथे कशाला मरायला जायची? उत्तर सोपं होतं. बॅटऱ्या. तेव्हा लोडशेडिंग म्हणजे रोजचं जेवण होतं. दुपारी तीनला लाईट गेली की सहापर्यंत गल्ली ठार. बाईंच्या हॉलमध्ये मात्र गोठ्यातल्या म्हशींसारख्या थोराड बॅटऱ्या रांगेनं उभ्या होत्या, त्याही लिलावातल्याच. तीन ते सहा सगळ्या गल्लीत फक्त तिथले आठ संगणक चालायचे. हे नीट लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नव्हतं.

शिव्यांबद्दल बाई एवढ्या कडक का, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. चहाला बसलो होतो, म्हणजे उदगिरी चालू होती. मी गंमतीनं म्हटलं, एक्स्चेंजला तुम्हाला लोक शिव्या देत असतील. तर कप खाली ठेवून म्हणाल्या, रोज. पण नियम होता, शिवी आली की लाईन कापायची. भूकंप झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बोर्डावर होत्या. लाईनी मोजक्या, आणि पुण्या-मुंबईहून सगळा मुलूख एकदम फोनवर आलेला. भिवंडीहून एक माणूस किल्लारीकडच्या आपल्या गावाला लाईन मागत होता. तिकडे लाईनच उरली नव्हती. तो आईबहिणीवर आला. बाईंनी कापली. परत आला, परत शिव्या, परत कापली. असं तीनदा.

"तिसऱ्यांदा कापली तवा तो रडून राहिला होता," बाई म्हणाल्या, "आन् मला निसती शिवीच ऐकू आली."

चौथ्यांदा त्यानं नुसतं गावाचं नाव घेतलं. बाईंनी त्याचा नंबर लिहून घेतला, कॉल बुक केला आणि दवाखान्यांत, शाळांत, जिथे जिथे फोन चालू होता तिथे त्याच्या घरच्या नावांनी विचारत राहिल्या. अकरा तासांनी सिव्हिलमध्ये त्याची बहीण सापडली. जोडून दिली. तीन मिनिटं झाली तेव्हा वाढवायचे का हे विचारलं नाही. तेवढी एकच वेळ.

मी म्हणालो, म्हणजे कापायला नको होती. तर माझ्यावरच उखडल्या. "कामून नको? कापायचीच. मागं शंभर जण ताटकळून राहिलेत. पर कापल्यावर नंबर लिहून ठेवायचा. आपण त्याला परत लावायचा."

आता माझं पाप.

त्या वर्षी आमच्या क्लासच्या मालकांनी वनस्पतिशास्त्राला एक नवीन मॅडम आणल्या. भोकरच्या. माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी लहान. क्लासमधली रिपीटर बॅच म्हणजे गेल्या वर्षी थोडक्यात हुकलेली, पेटलेली एकशेवीस पोरं, आणि ती ज्याला मिळेल त्याचं नाव गल्लीत होणार. मी दोन वर्षं त्या बॅचवर डोळा ठेवून होतो. ती मालकांनी मॅडमना दिली. आणि का दिली तेही मला माहीत होतं. मॅडम फळ्यावर आकृती दोन्ही हातांनी एकाच वेळी काढायच्या. डाव्या हातात एक खडू, उजव्यात एक. पान मधल्या शिरेपासून दोन्हीकडे उमलत जायचं आणि टोकाला दोन्ही खडू भेटायचे. पोरं श्वास रोखून बघायची. मीही दाराआडून बघितलं होतं आणि मलाही श्वास घ्यायचं सुचलं नव्हतं. म्हणून तर इतका जळलो.

त्या काळात सगळी तरुण पोरं ज्या एका साईटवर पडीक असत तिच्यावर आमच्या क्लासच्या पोरांनी एक पान काढलं होतं. मी 'सत्यवादी लातूरकर' असं नाव घेतलं आणि एका मंगळवारी, दुपारी, बाईंच्या चार नंबरच्या संगणकावर बसलो. रजिस्टरमध्ये लिहिलं: कोणाशी, मामेभाऊ, नागपूर. विषय, क्षेमकुशल.

पहिला मजकूर लिहिला तो लांबलचक आणि मचूळ होता. मग मी, बाईंची आज्ञाधारक पार्टी, घंटी वाजवली आणि हात मांडीवर ठेवले. आता इथे बाईंचा नियम तोंडावर पडला. हात मांडीवर होते, डोकं थोडंच मांडीवर होतं? बाकीच्यांचा राग तीन मिनिटांत निवायचा. मी मास्तर, मी त्या तीन मिनिटांत वाक्य घासलं. फाफटपसारा काढला, शब्द मागेपुढे केले, विळीला धार लावतात तशी त्याला धार लावली. काउंटरवरून आवाज आला, पाठवा नाहीतर पुसा. मी पहिलं सगळं पुसलं आणि एकच ओळ लिहून पाठवली:

'मॅडमना पेशी कळत नाही, पण मालकांची नाडी बरोबर कळते.'

सांगायला लाज वाटते, पण जिना उतरताना मी शीळ घालत होतो.

सहाला लाईट आली आणि गल्ली त्या ओळीवर तुटून पडली. पहिले दहाबारा नुसते हसले. मग एकानं मॅडमच्या चालण्यावर लिहिलं. मग कुणी मालकांच्या गाडीवर लिहिलं, कुणी गाडीत काय झालं ते लिहिलं, आणि बुधवारपर्यंत असं काही लिहिलं गेलं की त्यापुढे माझी ओळ मला सोवळी वाटू लागली. काडी माझी, वणवा दुसऱ्यांचा, असं म्हणून मी स्वतःला पटवलं. ओळ काढून टाकता आली असती. काढली नाही. भीती होती, आणि खरं सांगू का, कितीजण आले हे बघायला दर दोन तासांनी मी जातही होतो.

गुरुवारी मॅडम आल्या नाहीत. शुक्रवारीही नाही. शनिवारी सकाळी शिक्षकांच्या खोलीत बातमी आली, रविवारी त्यांचे वडील जीप घेऊन येतायत, सामान भरून भोकरला नेणार. नोकरी संपली, लातूर संपलं. मालक टेबलावर हात आपटून म्हणाले, हा सत्यवादी सापडू द्या, पोलिसात देतो. सगळ्यांनी निषेध केला. सगळ्यात मोठ्या आवाजात मी केला.

त्या दुपारी मी बाईंकडे गेलो, आता ओळ काढूनच टाकावी अशा बेतानं. लाईट गेलेली, हॉल पोरांनी भरलेला. बाईंनी मला रजिस्टर दिलंच नाही.

"चार नंबरची पार्टी," त्या सरकारी आवाजात म्हणाल्या, "तुमचा कॉल लागलाय."

मी म्हणालो, मी कुठला कॉल बुक केला नाही.

"केला होता. मंगळवारी तीन चाळीसला. लाईन आता मिळाली."

त्यांनी मला ओळखलं होतं. पुढे कधीतरी त्यांनी सगळा हिशोब मांडून दाखवला. पोरं त्यांच्याच हॉलमध्ये ते पान उघडून हसत होती तेव्हा त्यांनी मागून वाचलं. ओळीवर वेळ होती. त्या वेळी गल्लीत लाईट नव्हती, म्हणजे ओळ त्यांच्याच आठ संगणकांतून गेलेली. आठांपैकी घंटी एकानंच वाजवली होती आणि बाई प्रत्येक घंटी रजिस्टरमध्ये टिपत. मामेभावाचं क्षेमकुशल विचारायला घंटी कोण वाजवतो? सगळ्या लातुरात नियम पाळल्यामुळे पकडला गेलेला मी एकटाच गुन्हेगार असेन.

हॉलच्या कोपऱ्यात एसटीडी बूथची काचेची केबिन तशीच होती. बाईंनी दार उघडून धरलं. रिसीव्हर बाजूला काढून ठेवलेला. "पी.पी. आहे," त्या म्हणाल्या. पी.पी. म्हणजे ज्या माणसाचं नाव सांगितलं तोच माणूस आला तर लागणारा कॉल. त्यांनी मॅडमच्या घरमालकिणीला फोन लावून मॅडमनाच बोलावून घेतलं होतं. कोण बोलणार आहे हे सांगितलं नव्हतं. ऐकलेलं पोटात.

मी हळूच म्हणालो, "बाई, काय बोलू?"

"लिहिलं तेच बोला. आम्ही काही बदलत नसतो." त्यांनी दार लावलं, काचेबाहेर उभ्या राहिल्या आणि मला तीन बोटं दाखवली.

मी रिसीव्हर कानाला लावला. नाव सांगितलं. पलीकडून मॅडमचा थकलेला आवाज आला, "सर, तुम्ही? बरं झालं फोन केला. रिपीटर बॅचचं पेशीविभाजन अर्धं राहून गेलंय. तुम्हीच घ्या. तुमच्याशिवाय दुसरं कुणी धड घेनार न्हाई."

काचेपलीकडे आठ पोरं माझ्याकडे बघतायत, त्यांना ऐकू काहीच येत नाही, आणि बाई मनगट वळवून घड्याळ बघतायत. मी म्हणालो, "मॅडम, ते वाक्य माझं आहे."

"कोणतं वाक्य?"

हे मला सुचलंच नव्हतं. माझ्यासाठी एकच वाक्य होतं, त्यांच्यासाठी तिथे पन्नास होती. त्यांना वेगळं करून सांगायला हवं होतं.

"पहिलं."

मग म्हणाल्या, "म्हणून दाखवा."

मी म्हणालो, मॅडम, नको. त्या म्हणाल्या, "चार दिवसापासून मी ते वाचून राहिले, सर. एकदा कानानं ऐकू द्या."

मी म्हणालो. विश्वास ठेवा, पेशीपर्यंत कसाबसा पोचलो. पुढचा अर्धा भाग, जो मला इतका गोंडस वाटला होता, तो तोंडातून बाहेर येईना. दोनदा गिळला. तिसऱ्यांदा आला तेव्हा आवाज माझा नव्हताच, ओल्या फडक्यासारखा काहीतरी होता. संगणकावर ती ओळ किती हसरी दिसली होती. फोनवर एका माणसाच्या कानात सोडली तर नुसती घाण.

तेवढ्यात दार उघडलं. बाई आत डोकावून म्हणाल्या, "तीन मिनिटं झाली. वाढवायचे?"

मी कृतज्ञतेनं रिसीव्हर खाली ठेवायला निघालो. पण मॅडमना पलीकडे ऐकू गेलं होतं. "वाढवा," त्या म्हणाल्या.

बाईंनी दार पुन्हा लावलं.

पुढच्या तीन मिनिटांत मी फारसं बोललो नाही. बॅच मिळाली नाही म्हणून हे केलं का, एवढंच मॅडमनी विचारलं आणि मी हो म्हणालो. मग त्यांनी हिशोब सांगितला. सोमवारी त्यांच्या बॅचपुढे उभं राहायचं. आधी ते वाक्य म्हणायचं, मग आपलं नाव सांगायचं, मग ते खोटं आहे म्हणायचं. याच क्रमानं. मी विचारलं, म्हणजे तुम्ही सोमवारी येणार? त्या म्हणाल्या, "तुमचा तमाशा बघायला तरी यावंच लागंल."

सोमवारी मी उभा राहिलो. एकशेवीस पोरं. वाक्य म्हणालो तर मागची चारपाच सवयीनं हसली. नाव सांगितलं आणि पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. मग खोटं आहे म्हणालो आणि पाय नेतील तिकडे, म्हणजे शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. मॅडमनी दोन खडू उचलले आणि अर्धी राहिलेली पेशी काढायला घेतली.

माझ्या शेजारी फेटेवाले एक पाहुणे बसले होते. मॅडमचे वडील. रविवारी जीप घेऊन आलेले, लेक म्हणाली सोमवारचा तास बघून जा, म्हणून थांबले. त्यांना सगळं माहीत होतं. मी जागच्या जागी बारीक होत गेलो. ते फळ्याकडे बघतच मला म्हणाले, "दोन्ही हातानं काढती, न्हाई का?"

मी हो म्हणालो.

"लहानपनी भावाला मारायची बी दोन्ही हातानं," ते म्हणाले. "तुम्ही फोनवर सुटलात, मास्तर."

जीप रिकामी परत गेली. मालकांनी मला त्याच संध्याकाळी निरोप दिला. पोलिसात दिलं नाही, एवढंच. म्हणाले, तुमची जीभ नांदेडला पाठवा, इथे जागा नाही. मी जिभेमागोमाग नांदेडला आलो आणि तेव्हापासून इथेच शिकवतोय. बरं चाललंय. मॅडम लातुरातच राहिल्या. आता त्यांचा स्वतःचा क्लास आहे, आणि दर निकालाला त्यांचा फोटो माझ्या घराएवढ्या होर्डिंगवर लागतो. तुम्हाला वाटत असेल पुढे आमचं लग्न झालं असणार. तसलं काही नाही. त्यांनी एका दंतवैद्याशी केलं आणि लग्नात मला पंगत वाढायला लावलं.

बाईंचं काम मात्र सोमवारी संपलं नव्हतं. मूळ ओळ मी पुसली होती, पण खालच्या पन्नासांतल्या बऱ्याच जणांनी लाईट नसताना, घंटी न वाजवता लिहिलं होतं; वेळ रजिस्टरशी जुळवून बाईंनी त्या वेळच्या आठांना विचारलं की एक जण मान खाली घालायचा. त्या आठवड्यात काचेच्या केबिनमध्ये एकामागोमाग एक कॉल लागत गेले. "सहा नंबरची पार्टी, बुधवारी चार वाजून दहा. तुमची लाईन मिळाली." पोरं केबिनमधून बाहेर यायची ती आजारातून उठल्यासारखी. अकरावा कॉल झाला तेव्हा मॅडमनीच बाईंना फोन केला, म्हणाल्या, बाई, आता बास, मला पेपर तपासायचेत. बाईंनी रजिस्टर मिटलं. "साकु."

आणि नियमात एक दुरुस्ती झाली. प्रत्येक संगणकावर नवीन कागद चिकटला. घंटी वाजवायची, हात मांडीवर ठेवायचे, आणि तीन मिनिटांनी पाठवायचंच असेल तर केबिनमध्ये जाऊन रिकाम्या फोनवर एकदा म्हणून यायचं. माझ्यामुळे झालेली दुरुस्ती म्हणून मला तिचा थोडा अभिमान आहे.

मोबाईल आले, कॅफे उठले. बाई उदगीरला भाच्याकडे राहायला गेल्या. गेल्या दिवाळीत मॅडम आणि मी त्यांच्या गाडीतून बाईंना भेटायला गेलो. बाई अंगणात त्याच गोल स्टुलावर बसलेल्या. तो लांब पाळीचा डावा कान आता पार गेलाय, उजव्यात ओरडावं लागतं. मी ओरडून खुशाली सांगितली. त्यांनी विचारलं, आता तर सगळं जग नेटवर बसलंय, तुम्हाला कुणी काही लिहितं का?

मी मोबाईल काढला. आता मीही व्हिडिओवर शिकवतो आणि त्याखाली पोरं लिहितात. एकाचं वाक्य मनात रुतून बसलं होतं.

"वाचा," बाई म्हणाल्या.

मी त्यांच्या उजव्या कानात ओरडलो, "सरांचा आवाज म्हणजे पाणी नसलेल्या बोअरची मोटार."

सगळ्या गल्लीनं ऐकलं. मॅडम शेंगा सोलत होत्या, त्यांच्या हातातलं ताट सांडलं इतक्या हसल्या. बाईही हसल्या, डोळे पुसले, मग सरकारी आवाज काढला. "पार्टीचं नाव?"

मी सांगायचं टाळत होतो. पण मॅडमनी मोबाईल हातातून घेतला आणि त्यांनीच वाचलं, "सत्यवादी नांदेडकर."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग अंबाड्यातली पेन्सिल काढून कॅलेंडरच्या कोपऱ्यावर तारीख लिहिली, त्या वाक्याची वेळ विचारून तीही लिहिली, आणि म्हणाल्या, "कॉल बुक झाला. लाईन मिळंल. थांबायचं."

तेव्हापासून मी थांबलोय. अनोळखी नंबर दिसला की आधी कापायचो, आता उचलतो. आतापर्यंत प्लॉटवाले निघाले, विमावाले निघाले, एकदा चुकून लागलेली भोकरची एक आजी निघाली. सगळ्यांना तीन मिनिटं देतो. पण एक दिवस पलीकडे कुणीतरी नुसता श्वास घेत राहील, दोनदा आवंढा गिळेल आणि मोटारीपाशी येऊन अडेल. मी त्याला मध्ये तोडणार नाही. तीन मिनिटं होऊ देईन, आणि मग विचारेन, "वाढवायचे?"